शँपेन, बागायतदारनिर्मित

ईशान्य फ्रान्समधील शँपेन प्रदेशात एखाद्या शेतकरी कुटुंबाने स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांपासून स्वतःच्या तळघरात तयार केलेली व स्वतःच्या नावाने विकलेली फसफसणारी वाइन. नामांकित व्यापारी पेढ्या अनेक गावांतील द्राक्षे विकत घेऊन त्यांच्या मिश्रणातून जी शँपेन बनवितात, तिच्याहून हा प्रकार वेगळा मानला जातो. बाटलीच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या संकेतावरून हा भेद ओळखता येतो. बागायतदार-उत्पादकाच्या बाटलीवर ‘आर. एम.’, पेढीच्या बाटलीवर ‘एन. एम.’ व सहकारी संस्थेच्या बाटलीवर ‘सी. एम.’ अशी अक्षरे असतात. पहिल्या वर्गातील उत्पादकास बाहेरून फार तर ५% द्राक्षे घेण्याची मुभा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या उत्पादकांपैकी काही कुटुंबांनी जीवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीचा अवलंब केला आणि त्यामुळे या प्रकाराकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

शँपेनमधील द्राक्षमळ्यांचे क्षेत्र सु. ३४,००० हेक्टर असून ते सु. ३२० गावांच्या शिवारांत विखुरलेले आहे. बागायतदारांची संख्या सु. १६,००० असल्याने दर कुटुंबाच्या वाट्याला सरासरीने दोन हेक्टरांच्या आसपास जमीन येते. एकूण मळ्यांपैकी सु. नऊ-दशांश बागायतदारांच्या मालकीचे आहेत, विक्रीचा सु. सात-दशांश भाग आणि निर्यातीचा त्याहूनही मोठा हिस्सा मात्र पेढ्यांच्या हाती आहे. जमीन एकाची आणि बाजारातील नाव दुसऱ्याचे, ही विभागणी या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाचे मुख्य सूत्र होय. बागायतदारनिर्मित शँपेनचा उदय हा याच विभागणीला शेतकऱ्याने दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : शँपेन हा द्राक्षशेतीच्या उत्तर सीमेवरील थंड प्रदेश. येथे शरद ऋतूत सुरू झालेले किण्वन हिवाळ्याच्या थंडीने थांबे व वसंतात पुन्हा सुरू होई. पिपात वा बाटलीत कोंडलेल्या वायूमुळे वाइन फसफसू लागे. सतराव्या शतकात हा दोष समजला जाई. ओव्हिलेर येथील मठाचा कोठारप्रमुख दाँ पेरीन्याँ (१६३८–१७१५) हा शँपेनचा जनक होय, ही लोकप्रिय समजूत इतिहासाला धरून नाही. निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचे कुशल मिश्रण हे त्याचे खरे कार्य होते. बाटलीतील वाइनमध्ये साखर घालून ती फसफसती करण्याच्या पद्धतीचा उल्लेख इंग्रज वैद्य ख्रिस्तोफर मेरेट याने १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे केला होता. दगडी कोळशाच्या भट्टीत बनलेल्या इंग्रजी बाटल्या अधिक मजबूत असल्याने वायूचा दाब त्या सोसू शकत.

शँपेनची वाइन बाटल्यांतून वाहून नेण्यास फ्रेंच राजाने १७२८ मध्ये अनुमती दिली. पुढल्याच वर्षी र्‍विनार ही पेढी व १७४३ मध्ये मोएत ही पेढी स्थापन झाली. मजबूत बाटल्या, चुनखडीत खोदलेली लांबलचक तळघरे आणि माल काही वर्षे अडकवून ठेवण्याची ऐपत या गोष्टी या धंद्याला आवश्यक होत्या. शेतकऱ्याजवळ त्या नव्हत्या. त्यामुळे द्राक्षे पिकवायची शेतकऱ्याने आणि वाइन करायची व्यापाऱ्याने, अशी श्रमविभागणी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पक्की झाली.

निर्मितीप्रक्रिया : शँपेनसाठी मुख्यतः पीनो न्वार व मनीए या काळ्या आणि शार्दने या पांढऱ्या जातींची द्राक्षे वापरतात. ती हातानेच खुडावी लागतात. नियमानुसार ४,००० किग्रॅ. द्राक्षांपासून २,५५० लिटरपर्यंतच रस घेता येतो. पहिल्या किण्वनाने तयार झालेल्या साध्या वाइनमध्ये लिटरमागे सु. २४ ग्रॅ. साखर व यीस्ट घालून ती बाटलीत बंद करतात. बाटलीतच होणाऱ्या दुसऱ्या किण्वनात कार्बन डाय-ऑक्साइड कोंडला जाऊन दाब सु. ६ वातावरणांपर्यंत चढतो. त्यानंतर बाटली मृत यीस्टच्या साक्यासह आडवी ठेवून मुरविली जाते. बाटलीत भरल्यापासून विक्रीपर्यंत सामान्य शँपेनला किमान १५ महिने व एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या शँपेनला किमान ३ वर्षे जावी लागतात. पुढे बाटल्या क्रमाक्रमाने उलट्या करीत साका बुचाकडे आणतात, तो बाहेर काढतात व रिकामी झालेली जागा वाइनने किंवा साखरमिश्रित वाइनने भरतात. ‘ब्रूत’ प्रकारात लिटरमागे १२ ग्रॅ.पेक्षा कमी साखर असते.

या प्रक्रियेचे आर्थिक स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. द्राक्षे विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या हंगामाचा पैसा लवकर मिळतो. वाइन स्वतः करणाऱ्याला मात्र बाटल्या, बुचे, यंत्रे व मजुरी यांचा खर्च आधी करून दोन-तीन वर्षे थांबावे लागते. म्हणून स्वतःची शँपेन करण्याचा निर्णय हा लहान कुटुंबाच्या दृष्टीने नेहमीच धाडसाचा राहिला आहे.

१९११ चा उठाव : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने शँपेनमध्ये प्रवेश केला. जुन्या वेली उपटून अमेरिकन खुंटांवर बांधलेली कलमे लावणे हा एकच उपाय होता व तो खर्चिक होता. त्यातच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात ओळीने नापिकी झाली. १९१० मध्ये गारपीट, केवडा रोग व कीड यांमुळे पीक जवळजवळ बुडाले. काही व्यापारी याच काळात लवार नदीच्या खोऱ्यातील व अन्य प्रांतांतील स्वस्त वाइन आणून तिची शँपेन बनवीत होते. स्थानिक शेतकऱ्याची द्राक्षे नसली, तरी ‘शँपेन’ हे नाव विकले जात होते.

या नावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. १७ डिसेंबर १९०८ च्या आदेशाने शँपेनची सीमा आखण्यात आली. तीत मार्न विभाग व एन विभागाचा काही भाग यांचा समावेश झाला; दक्षिणेकडील ओब विभाग मात्र वगळण्यात आला. ओबमधील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा अन्याय होता, कारण त्या विभागातील त्र्वा हे नगर शँपेन प्रांताची ऐतिहासिक राजधानी होते आणि त्यांची द्राक्षे मार्नमधील पेढ्या वर्षानुवर्षे विकत घेत आल्या होत्या. मार्नच्या शेतकऱ्यांना ओबची वाइन ही परक्या वाइनइतकीच नकोशी वाटत होती.

जानेवारी १९११ मध्ये मार्नच्या खोऱ्यातील दामरी व ओव्हिलेर या गावांच्या परिसरात शेतकऱ्यांनी बाहेरून आलेल्या वाइनची पिपे फोडली व नदीत लोटली. ओबमध्ये नगरपालिकांच्या सदस्यांनी सामुदायिक राजीनामे दिले, करवसुलीचे कागद जाळण्यात आले आणि गास्तों शेक याच्या नेतृत्वाखाली मोठमोठे मोर्चे निघाले. एप्रिलमध्ये त्र्वा येथे हजारो शेतकरी जमले. शासन सीमा रद्द करण्याच्या विचारात आहे, असे दिसताच १२ एप्रिल रोजी मार्न विभागातील आइ या गावी दंगल उसळली. पेढ्यांच्या इमारती जाळण्यात आल्या व रस्त्यांतून वाइन वाहिली. बंदोबस्तासाठी सैन्य आणावे लागले. ७ जून १९११ च्या आदेशाने ओबला ‘दुय्यम शँपेन प्रदेश’ असा दर्जा देण्यात आला. हा तोडगा कोणालाच रुचला नाही. पहिल्या महायुद्धानंतर वाद न्यायालयांत गेला आणि अखेर २२ जुलै १९२७ च्या कायद्याने ओबला पूर्ण मान्यता मिळाली. तेथील गामे जातीच्या वेली मात्र ठरावीक मुदतीत काढून टाकाव्या लागल्या. १९३६ मध्ये शँपेनला नियंत्रित उगमनामाचा दर्जा प्राप्त झाला.

स्वतंत्र उत्पादकांचा उदय : उठावाने नावाचे रक्षण झाले, द्राक्षाच्या भावाचा प्रश्न मात्र उरलाच. १९११ पासून प्रत्येक गावाला टक्केवारीत श्रेणी देण्यात आली. वार्षिक भाव ठरला की, १०० टक्क्यांच्या गावाला पूर्ण भाव व इतरांना त्या प्रमाणात कमी भाव मिळे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत निर्यात घटली, पेढ्यांनी खरेदी कमी केली आणि द्राक्षांचे भाव कोसळले. न विकलेली द्राक्षे कुजू देण्यापेक्षा त्यांची वाइन करून ती स्वतः विकावी, या विचाराने काही कुटुंबे निर्मितीकडे वळली. ज्यांना एकट्याने ते परवडत नव्हते, त्यांनी सहकारी संस्थांचा आश्रय घेतला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या काळात, १९४१ मध्ये, पेढ्या व बागायतदार यांची संयुक्त समिती स्थापन झाली. पेढ्यांच्या बाजूने रोबेर-झाँ द व्होग्यूए व बागायतदारांच्या बाजूने मोरिस द्वायार हे तिचे प्रमुख होते. युद्धोत्तर काळात भावाच्या वाटाघाटींना तिच्यामुळे स्थैर्य आले. ठरावीक भावाची ही व्यवस्था १९९० मध्ये संपुष्टात आली. दरम्यान फ्रान्समधील मध्यमवर्गाची वाढती सुबत्ता, मोटारीचा प्रसार आणि रविवारी थेट गावी जाऊन वाइन विकत घेण्याची प्रथा यांमुळे बागायतदारांच्या शँपेनला गिऱ्हाईक मिळाले. तिची कीर्ती तेव्हा मुख्यतः स्वस्त शँपेन अशी होती. आव्हीझ येथील आंसेल्म सलॉस यांनी बर्गंडीतील शिक्षणानंतर १९७० च्या दशकात घरचा मळा हाती घेतला आणि कमी उत्पन्न, लाकडी पिपांतील किण्वन व प्रत्येक शिवाराचे वेगळेपण यांवर भर दिला. त्यांच्या प्रभावाने पुढील पिढीची दृष्टी बदलली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील काही आयातदारांनी अशा कुटुंबांची शँपेन तिकडे नेल्यावर तिची गणना उंची वाइनमध्ये होऊ लागली.

जीवगतिक शेतीचा प्रवेश : १९५० नंतर शँपेनमध्ये रासायनिक खते, कीटकनाशके व तणनाशके यांचा वापर झपाट्याने वाढला. १९६० च्या दशकापासून पॅरिसच्या परिसरातील शहरी कचऱ्यापासून केलेले खतही मळ्यांत पसरले जाई. त्यातील प्लॅस्टिकचे तुकडे, काचा व धातू जमिनीत साठत गेले आणि ही प्रथा १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. निळे तुकडे त्यानंतरही कित्येक वर्षे मळ्यांत दिसत राहिले. उतारावरील माती धुपणे व ती घट्ट होणे या तक्रारी वाढल्या. जमिनीचे वैशिष्ट्य वाइनमध्ये उतरते असे सांगणाऱ्या उत्पादकाला या स्थितीत जमिनीचाच विचार करणे भाग पडले.

जीवगतिक शेतीचा पाया ऑस्ट्रियन विचारवंत रूडोल्फ श्टाइनर (१८६१–१९२५) यांनी जून १९२४ मध्ये कोबरव्हिट्स (आता पोलंडमधील कोब्येझित्से) येथे दिलेल्या आठ व्याख्यानांत घातला. शेत हा एक स्वयंपूर्ण सजीव असून जनावरे, पिके, माती व आकाशस्थ शक्ती यांचा त्यात मेळ असावा, अशी त्यांची धारणा होती. या पद्धतीत रासायनिक खते व कृत्रिम विषारी औषधे वर्ज्य असतात. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात व त्याचे ‘५००’ क्रमांकाचे द्रव्य बनवितात. गारगोटीचे चूर्ण शिंगात भरून उन्हाळाभर पुरून ‘५०१’ क्रमांकाचे द्रव्य बनवितात. या द्रव्यांची अत्यल्प मात्रा पाण्यात तासभर आलटून-पालटून दोन्ही दिशांनी घुसळून मळ्यावर फवारतात. यॅरो, कॅमोमाइल, नेटल, ओकची साल, डँडेलिअन व व्हॅलेरियन यांची द्रव्ये प्रामुख्याने कंपोस्ट खतात मिसळतात. मशागतीच्या वेळा चंद्र व राशी यांच्या पंचांगावरून ठरविण्याचीही प्रथा आहे. ‘डिमीटर’ हे या शेतीचे प्रमाणचिन्ह १९२८ पासून वापरात आहे.

फ्लरी कुटुंब : शँपेनमधील पहिले जीवगतिक उत्पादक म्हणून ओब विभागातील कूर्तरों गावच्या फ्लरी कुटुंबाचा उल्लेख केला जातो. या कुटुंबाच्या इतिहासात प्रदेशाच्या इतिहासाचे बहुतेक टप्पे उमटलेले दिसतात. एमील फ्लरी हे रोपवाटिकेचा व्यवसाय करीत व फायलोक्सेराच्या साथीनंतर त्यांनी आपल्या परिसरात पीनो न्वारची कलमे लावण्यात पुढाकार घेतला. १९२९ च्या मंदीत रोबेर फ्लरी यांनी द्राक्षे विकण्याऐवजी स्वतःची शँपेन करण्यास प्रारंभ केला. झाँ-प्येर फ्लरी यांनी १९७० च्या दशकात तणनाशकांचा वापर सोडून सेंद्रिय पद्धतीकडे वाटचाल केली, १९८९ मध्ये मळ्याच्या काही भागात जीवगतिक पद्धत सुरू केली आणि १९९२ पर्यंत सु. १५ हेक्टरांचा सर्व मळा तिच्याखाली आणला. ज्या विभागाला १९११ मध्ये दुय्यम ठरविण्यात आले होते, त्याच विभागातून हा प्रयोग पुढे आला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. मार्नमधील खडूच्या जमिनीऐवजी येथे शाब्लीसारखी चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. येथील जमीन तुलनेने स्वस्त होती व पेढ्यांची पकड कमी होती. त्यामुळे नवे प्रयोग करणाऱ्या कुटुंबांना ओबमध्ये वाव मिळाला आणि शतकाच्या अखेरीस त्यांच्यात भर पडली.

मूल्यमापन : जीवगतिक शेतीविषयी मतभेद तीव्र आहेत. न्यूझीलंडमधील शेतांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात जीवगतिक शेतांतील मातीचा दर्जा रूढ शेतांपेक्षा चांगला आढळला. तथापि हा लाभ कंपोस्ट, आच्छादन व रसायनांचा त्याग यांमुळे होतो की शिंगातील द्रव्यांमुळे, हा मुद्दा वेगळा आहे. जर्मनीतील गाइझेनहाइम येथे द्राक्षवेलींवर केलेल्या प्रयोगांत साधी सेंद्रिय व जीवगतिक पद्धत यांच्यांत फारसा फरक दिसून आला नाही. राशी व आकाशस्थ शक्ती यांच्या प्रभावाला वैज्ञानिक आधार नाही. मळ्यात रोज पायी हिंडून वेलींकडे बारकाईने पाहण्याची सवय ही या पद्धतीची खरी देणगी होय, असे तिचे काही समर्थकही मान्य करतात.

ओलसर हवामान ही शँपेनमधील सर्वांत मोठी अडचण होय. केवड्यावर आंतरप्रवाही बुरशीनाशके वापरता येत नसल्याने मोरचूद व चुना यांच्या बोर्डो मिश्रणावर विसंबावे लागते. तांबे मातीत साठत जाते, म्हणून यूरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किग्रॅ. अशी त्यावर मर्यादा घातली आहे. फवारा पावसाने धुऊन जातो व पुन्हा द्यावा लागतो. २०२१ च्या पावसाळी हंगामात केवड्याने सर्वच प्रदेशाचे नुकसान केले आणि सेंद्रिय व जीवगतिक मळ्यांना त्याची झळ अधिक लागली. चांगल्या वर्षांतील वाइन राखून ठेवण्याची शँपेनमधील प्रथा अशा वेळी उपयोगी पडते. ज्याचा साठा लहान, त्याचे संरक्षणही अपुरे असते.

जमिनीची किंमत हे दुसरे संकट आहे. शँपेनमध्ये हेक्टरी सरासरी किंमत दहा लाख यूरोंच्या घरात पोहोचली असून फ्रेंच कायद्यानुसार वारसांचे वाटे होतात. मळा राखू इच्छिणाऱ्या अपत्याला भावंडांचे वाटे विकत घ्यावे लागतात आणि वारसा-करही भरावा लागतो. पुष्कळदा जमीन विकणे वा द्राक्षे पेढीला देणे हाच सोपा मार्ग ठरतो. एकविसाव्या शतकात स्वतःच्या नावाने विक्री करणाऱ्या बागायतदारांची संख्या व त्यांचा बाजारातील वाटा घटत गेला आहे. नामवंत झालेल्या मूठभर कुटुंबांच्या बाटल्यांना मोठी किंमत येते. पण त्यावरून सर्वसामान्य बागायतदाराच्या स्थितीची कल्पना करणे चुकीचे ठरेल. दुसऱ्या बाजूने या कुटुंबांच्या पद्धतींचा प्रभाव पेढ्यांवरही पडला असून रदरेर या पेढीने आपल्या मळ्यांपैकी मोठ्या भागात जीवगतिक पद्धत स्वीकारली. शँपेनच्या टेकड्या, पेढ्या व तळघरे यांचा २०१५ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

महाराष्ट्रात शँपेनच्या पद्धतीने फसफसणारी वाइन बनविण्याचा उद्योग १९८० च्या दशकात नारायणगाव (जि. पुणे) येथे शामराव चौगुले यांनी पिपर-हायडसिक या फ्रेंच पेढीच्या तांत्रिक साहाय्याने उभा केला. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती वाइन परदेशी जाऊ लागली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरात या उद्योगाचा विस्तार झाला. तेथेही कारखान्याशी करार करून द्राक्षे देणारा शेतकरी आणि बाटलीवरील नाव यांच्यात अंतर आहे. केवडा व भुरी या रोगांशी आणि उतरत्या भावाशी झुंजणाऱ्या येथील बागायतदाराला शँपेनमधील कुटुंबांचा अनुभव म्हणूनच परका नाही. तो अनुभव असे दर्शवितो की, पिकवणाऱ्याचे नाव बाटलीवर येण्यासाठी सीमा व उगमनाम यांचे कायदेशीर संरक्षण, माल मुरेपर्यंत टिकाव धरण्याइतके भांडवल आणि वाईट हंगामासाठी राखून ठेवलेला साठा या तिन्ही गोष्टींची जोड आवश्यक असते.